जुन्या इमारतीत घर घेताय? आधी तळमजला बघा

मुंबईत जुनं घर बघायला गेलो की आपण थेट वर जातो. हवा कशी येते, किचन केवढं, खिडकीतून काय दिसतं ते बघतो, चहा घेतो आणि खाली उतरून रिक्षा पकडतो. माझा सल्ला उलटा आहे. चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारतीत फ्लॅटवर जितका वेळ द्याल, त्याच्या दुप्पट तळमजल्यावर द्या. फ्लॅटमधली लादी, वायरिंग, नळ हे सगळं तुम्ही तुमच्या पैशाने, तुमच्या मर्जीने बदलू शकता. पण पाण्याची टाकी, मीटर रूम, ड्रेनेज आणि खालचे कॉलम यांतलं काहीच तुमच्या एकट्याच्या हातात नसतं. तिथे एक पाईप बदलायचा तरी सभा, वर्गणी, कोटेशनं आणि यथास्थित भांडणं लागतात.

मी दादरमध्ये अशा एका इमारतीत घर घेतलं, पुढे कमिटीवर आले आणि मोठी दुरुस्ती जवळून बघितली. घर शोधणारे ओळखीचे लोक वारंवार तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच क्रमाने लिहिते.

तळघराबद्दल आधी सांगते. फोर्टातल्या काही व्यापारी इमारती वगळल्या तर मुंबईच्या जुन्या राहत्या इमारतींना तळघर क्वचितच असतं. शहराचा बराच भाग भराव टाकून मिळवलेला, समुद्र जवळ, जमिनीतलं पाणी फार खोल नाही. त्यामुळे दुसरीकडे तळघरात असणाऱ्या गोष्टी आपल्याकडे जिन्याखाली, मागच्या घरगल्लीत आणि अंगणातल्या झाकणांखाली असतात. कोणी बोलावून दाखवत नाही, आपणच बघाव्या लागतात.

सोबत काय न्याल: चांगला टॉर्च, मोजपट्टी, जुना स्क्रू ड्रायव्हर, खडू, एक काचेची गोटी आणि चार्ज केलेला फोन. जमल्यास जुलै-ऑगस्टमध्ये जा. डिसेंबरात नुकतंच रंगवलेलं घर फार गुणी दिसतं.

१. इमारत कशाची आहे आणि कोणाची आहे, ते ठरवा

बांधकाम ओळखायला इंजिनिअर लागत नाही. खिडकीत मोजपट्टी लावून भिंतीची जाडी मोजा. चौदा-अठरा इंच निघाली आणि छताला लाकडी तुळया किंवा लोखंडी गर्डर दिसले, तर इमारत लोड-बेअरिंग आहे, म्हणजे भार भिंतीच पेलतात. भिंत नऊ इंच किंवा त्याहून कमी असेल आणि छताखालून बीम जात असतील, तर आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या सांगाड्याची. गिरगाव, काळबादेवी, परळ या भागांत मिश्र प्रकारही खूप आहेत: मूळ इमारत लाकूड-विटांची, मागे आरसीसीचा संडास-बाथरूमचा भाग जोडलेला आणि वरचा मजला नंतर चढवलेला. अशा ठिकाणी जुनं आणि नवं जिथे मिळतं तिथे वरून खाली उभी चीर असते. ती चीर किती रुंद आहे आणि तिच्यात पाणी जातं का, ते बघा.

वयावरून अंदाज बांधताना जरा सांभाळून. १९३०-४०च्या दशकांतल्या, साध्या गोल सळयांच्या काही आरसीसी इमारती आजही बऱ्या आहेत आणि १९७०-८०च्या दशकांतल्या, पीळ दिलेल्या टोर सळयांच्या कित्येक इमारतींचे बीम त्यांच्याआधी फुटलेत. त्या काळात सिमेंट परमिटवर मिळायचं, तुटवडा असायचा. त्यामुळे ‘तशी फार जुनी नाहीये, पंचाऐंशी सालची आहे’ या वाक्यावर विसंबू नका.

मालकीचा प्रश्न वेगळा. सोसायटी असेल तर तुम्ही सभासद बनता. पागडी असेल, म्हणजे मोठी रक्कम एकदम देऊन नाममात्र भाड्यावर घर घ्यायचं असेल, तर तुम्ही भाडेकरू बनता, मालक नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ पागडीला मान्यता देतो, पण व्यवहाराला घरमालकाची संमती लागते, त्याचा हिस्सा द्यावा लागतो आणि गृहकर्ज मिळणं अवघड असतं. शहर भागातल्या अनेक जुन्या भाड्याच्या इमारती उपकरप्राप्त आहेत, म्हणजे दुरुस्तीसाठी त्यांच्याकडून उपकर घेतला जातो आणि दुरुस्ती म्हाडाचं इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ बघतं. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात, तिथपासून १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गात आणि पुढे ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ वर्गात. उपकरप्राप्त आहे की नाही हे मालमत्ता कराच्या बिलावर कळतं, दलालाला विचारू नका.

२. कागद मागा

टोकन देण्याच्या आधी हे मागा:

- मंजूर आराखडा आणि भोगवटा प्रमाणपत्र
- मालमत्ता पत्रक. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का ते त्यावरून कळेल, नसेल तर कन्व्हेयन्सचं, म्हणजे जमीन नावावर करून देण्याच्या दस्ताचं, काय झालं ते विचारा
- मालमत्ता कराचं आणि पाण्याचं ताजं बिल, थकबाकीसकट
- इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटचा, शेवटचा रिपोर्ट, पूर्ण. फक्त शेवटचं प्रमाणपत्र नको
- गेल्या तीन वर्षांची सभेची इतिवृत्तं आणि ताळेबंद
- जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन यंत्रणेबद्दल द्यायचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र आणि लिफ्ट असेल तर तिच्या तपासणीचे कागद
- विक्रेत्याच्या नावे आलेल्या महापालिकेच्या किंवा सोसायटीच्या नोटिसा

यातलं सगळ्यात बोलकं काय असेल तर इतिवृत्तं. तिसऱ्या मजल्याची गळती सलग तीन सभांत आली असेल तर ती अजून चालू आहे. पंप दरवर्षी दुरुस्त होत असेल तर मूळ दुखणं पंपात नाही. ताळेबंदात सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठी साठवलेली गंगाजळी, बघा. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के दरवर्षी सिंकिंग फंडात आणि ०.७५ टक्के दुरुस्ती-देखभाल निधीत जायला हवेत. जुन्या सोसायट्यांत बांधकाम खर्चच मुळात १९७५ सालचा धरलेला असतो, त्यामुळे नियम पाळूनही तिजोरी रिकामी, हे सर्रास दिसतं. मोठी दुरुस्ती निघाली की माणशी काही लाख एकरकमी मागितले जातात. तेव्हा घराच्या किमतीत हा आकडा मनातल्या मनात आधीच मिळवून ठेवा.

सापळा: ‘अहो, रिडेव्हलपमेंट होणारच आहे, दुरुस्तीचं कशाला बघता?’ हे वाक्य ऐकलं की सर्वसाधारण सभेचा ठराव, बिल्डरशी झालेला नोंदणीकृत करार आणि महापालिकेची परवानगी, यांपैकी काय हातात आहे ते विचारा. काहीच नसेल तर रिडेव्हलपमेंट म्हणजे नुसती आशा. आणि या आशेपायी मधल्या दहा वर्षांत त्या इमारतीला कोणी साधा पाईपही बदललेला नसतो.

३. तळमजल्याचे कॉलम आणि भिंती

इमारतीभोवती एक पूर्ण फेरी मारा, दुकानांच्या मागच्या बाजूनेही. आरसीसी असेल तर कॉलमवर उभी चीर शोधा. आतली सळई गंजली की फुगते, वरचं काँक्रीट आतून ढकलते आणि सळईच्या बरोबर रेषेत चीर पडते. पुढच्या टप्प्यात तो भाग पोकळ होतो. बोटाच्या पेराने ठोकलं तरी आवाज बदलतो. त्यानंतर खपली पडून सळई उघडी दिसते. नुसत्या गिलाव्याच्या जाळीदार, आडव्यातिडव्या चिरांना फार घाबरू नका. कॉलमच्या लांबीत सरळ धावणाऱ्या चिरेची मात्र दखल घ्या.

लाकडी इमारतीत तुळईचा मधला भाग बघून समाधान मानू नका, तो बहुतेक वेळा ठणठणीत असतो. तुळई भिंतीत जिथे घुसते ते टोक आधी सडतं, कारण भिंतीतली ओल तिथे टिकते. संडास-मोरीच्या बाजूची टोकं आधी बघा. तिथे स्क्रू ड्रायव्हर हलकेच टोचा. चांगलं सागवान टोकाला दाद देत नाही, सडलेल्यात ते सहज अर्धा इंच आत जातं. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी.

ओल कुठली आहे हेही इथेच ओळखायला शिका. जमिनीतून चढलेली ओल तळमजल्यावर साधारण कमरेएवढी जाते, वरची कड नागमोडी असते आणि तिथे पांढरा लोणा फुटतो. पाईपची गळती बारमाही असते आणि डाग एका जागी असतो. पावसाची ओल बाहेरच्या भिंतीवर, बहुतेक खिडकीच्या किंवा छज्ज्याच्या खालच्या कोपऱ्यात, आणि दिवाळीपर्यंत वाळते. चढत्या ओलीवर लोक सिमेंटचा गिलावा किंवा ग्रॅनाइट लावतात. जुन्या चुन्याच्या भिंतीला तो फार वाईट पडतो. ओलीला बाहेर पडायची वाट बंद होते, ती ग्रॅनाइटच्या वर पुन्हा उगवते आणि मधली वीट भुसभुशीत होत जाते. तळमजल्याच्या लॉबीत छातीपर्यंत नवा कोरा ग्रॅनाइट दिसला तर मी तरी खूश होत नाही.

आता दुकानं, दवाखाने, क्लासेस. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावरच्या कामात खांबांना हात लावल्याचा आरोप त्या प्रकरणात झाला. म्हणून खालच्या गाळ्यात जाऊन सहज नजर फिरवा. वरच्या मजल्यांवर जिथे कॉलम आहे तिथे खाली मोकळं दुकान दिसत असेल, किंवा दोन गाळे मिळून एक केलेले असतील, तर परवानगीचे कागद मागा. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या.

४. पाणी: जमिनीखालची टाकी आणि पंप

महापालिकेचं पाणी ठरावीक तास येतं आणि वरच्या मजल्यांपर्यंत चढण्याइतका त्याला जोर नसतो. त्यामुळे ते आधी जमिनीखालच्या टाकीत पडतं, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत जातं आणि मग घरोघरी. भातसा किंवा तानसाचं शुद्ध केलेलं पाणी शेवटच्या पन्नास फुटांत खराब होतं ते या खालच्या टाकीत.

वॉचमनला विचारून टाकीचं झाकण दाखवून घ्या. झाकणाची कड अंगणापेक्षा निदान वीतभर उंच हवी. अंगणाच्या पातळीत बसवलेलं झाकण म्हणजे पहिल्या मोठ्या पावसात अंगणातलं पाणी टाकीत. झाकण घट्ट, डास न शिरणारं हवं. महापालिकेचा कीटकनाशक विभाग यावरूनच नोटिसा देतो. मग ड्रेनेजचं सगळ्यात जवळचं चेंबर किती लांब आहे ते मोजा. जुन्या अरुंद अंगणांत ही दोन झाकणं शेजारी-शेजारी असतात, कधी कधी तर हात पसरून दोन्हींवर ठेवता येतात. तसं असेल तर टाकी आतून कधी वॉटरप्रूफ केली, ते विचाराच.

टाकी फुटकी आहे का, हे तपासायची एक युक्ती आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. रात्री पाणी बंद झालं की पंप बंद ठेवायचा, येणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि आतल्या भिंतीवर किंवा शिडीच्या पायरीवर पाण्याची पातळी खडूने खुणावायची. सकाळी पातळी खाली गेली असेल तर टाकी गळते, म्हणजे बिल भरून आपण जमिनीला पाणी पाजतोय. भर पावसाळ्यात पातळी वर आली असेल तर प्रकरण जास्त गंभीर आहे, कारण बाहेरचं पाणी आत शिरतंय. खरेदीदाराला कमिटी हे करू देईलच असं नाही, पण विचारून बघा. नकार कसा मिळतो त्यावरूनही बरंच कळतं.

काही जुन्या आवारांत विहीर असते आणि तिचं पाणी फ्लशसाठी वेगळ्या लाइनने फिरवलेलं असतं. चांगली सोय आहे, पण ती लाइन पिण्याच्या लाइनला कुठे जोडलेली नाही ना, ते प्लंबरकडून बघून घ्या. पाणी कमी पडलं की कोणीतरी ‘तात्पुरता’ जोड देतो आणि पुढे तो तसाच राहतो.

पंप दोन हवेत, एक चालू आणि एक राखीव. ते ओट्यावर बसवलेले हवेत आणि स्टार्टरचा पॅनेल त्याहून वर. पंप सुरू करायला दर वेळी वरून पाणी ओतावं लागत असेल तर फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाईपातलं पाणी परत टाकीत जाऊ न देणारी झडप, गेलेला आहे. आणि महापालिकेच्या लाइनलाच थेट पंप लावून पाणी ओढणं बेकायदा आहे. ‘आमच्याकडे पाणी फोर्सने येतं’ असं ऐकलं तर का येतं ते बघा.

टाकी साफ करायची वेळ तुमच्यावर येईल तेव्हा एक गोष्ट ध्यानात असू द्या. बंद टाकीतली हवा माणूस मारते. मार्च २०२५ मध्ये नागपाड्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या टाकीत उतरलेले मजूर गुदमरून मेले. झाकणं आधी काही तास उघडी, ब्लोअरने हवा, उतरणाऱ्याला दोर आणि वर एक माणूस पूर्ण वेळ. आतला माणूस कोसळला तर दुसऱ्याने मागोमाग उडी मारायची नाही, अग्निशमन दलाला बोलवायचं. कंत्राटदाराची घाई असते, आपली नसते.

५. मीटर रूम

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी तुमच्या बघण्यातल्या इमारतीत पाणी कुठवर आलं होतं, हे तिथल्या जुन्या रहिवाशाला विचारा. लोकांना ते इंचात आठवतं, बहुतेक जण भिंतीवर हात ठेवूनच दाखवतात. मीटर त्या हाताच्या खाली असतील तर ते वर घेण्याचं काम बाकी आहे.

कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्टची वीज, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपकडे महावितरण. कंपनी कुठलीही असो, मीटरपर्यंतचं तिचं आणि मीटरपासून तुमच्या घरापर्यंतची वायर तुमची. ती वायर जिन्याच्या भिंतीवरून लाकडी पट्टीतून जात असेल तर बहुधा दोन पिढ्या जुनी आहे. आत तार बदलायचे जुने किटकॅट फ्यूज असतील तर एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (शॉक लागू नये म्हणून वीज गळताच तोडणारा) बसवणं हे राहायला जाण्याआधीचं काम. मात्र अर्थिंग धड आहे का, तेही लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या.

वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो. जुन्या घरांचा तो एक-दोन किलोवॉट असतो. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॉट, गीझर दोन, इंडक्शन दोन. तुम्हीच बेरीज करा. भार वाढवून मागितला आणि खालची केबलच लहान निघाली, तर पुन्हा सोसायटीची सभा.

मीटर रूममध्ये मीटरच असावेत, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात तिथे गणपतीच्या मखराचे बांबू, रद्दी, मोडकी सायकल आणि हल्ली चार्जिंगला लावलेली ई-बाइक असते. जुन्या इमारतीला जिना एकच असतो आणि मीटर त्याच्याखालीच. यावर कमिटी कडक आहे का, हे बघा.

महानगर गॅसची पाइपलाइन असेल तर तिचा पाईप फर्निचरमध्ये बंदिस्त केलेला नसावा आणि व्हॉल्व्ह हाताशी असावा. एवढं पुरे.

६. घरगल्ली आणि ड्रेनेज

दोन इमारतींच्या पाठीपाठीत जी अरुंद बोळ असते, ती घरगल्ली. तिथे कोणी जात नाही, म्हणून तुम्ही जा. जुने बूट घाला.

वर बघा: बिडाचे पाईप कुठे फुटलेत, सांधा कुठे ओला आहे, भिंतीला शेवाळ कुठे धरलंय, पिंपळ कुठे उगवलाय. पिंपळ वरवर छाटलेला असेल तर मुळं आत जिवंत आहेत. खाली बघा: घुशींची बिळं. हसू नका. घूस पायाच्या शेजारची माती उकरते, फुटक्या पाईपचं पाणी त्या बिळात जातं आणि जमीन खचते. अंगणातली फरशी एका ठिकाणी बसलेली दिसली तर खाली हेच चाललेलं असू शकतं.

चेंबरची परीक्षा सोपी. कमिटीच्या माणसाला एक झाकण उघडायला सांगा आणि वरच्या मजल्यावर कोणाला तरी फ्लश करायला लावा. पाणी आलं, वाहिलं आणि चेंबरचा तळ पुन्हा दिसला, तर लाइन मोकळी. पाणी साचून राहिलं, वर तेलकट थर असला, तर पुढे तुंबलंय. आवाराच्या आतलं ड्रेनेज सोसायटीचं किंवा मालकाचं. रस्त्याखालची मुख्य लाइन महापालिकेची. भांडण नेहमी शेवटच्या चेंबरवर होतं, म्हणून ते कुठे आहे हे माहीत असलेलं बरं.

आता रस्त्याची उंची. गेल्या काही दशकांत डांबराचे थर, मग काँक्रीट असं करत कित्येक ठिकाणी रस्ता वर आला आणि इमारत होती तिथेच राहिली. आत शिरताना पायऱ्या चढायच्या ऐवजी उतरावी लागली, तर पावसाचं पाणीही त्याच पायरीने आत येणार. हिंदमातासारख्या सखल भागात महापालिकेने पाणी साठवायला जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्या आहेत, त्याने फरक पडतो. पण मोठी भरती आणि मोठा पाऊस एकत्र आले की पाणी समुद्रात जायला वाट नसते आणि ते ड्रेनेजमधून उलटं येऊ शकतं. तळमजल्याचं घर घेत असाल तर नहाणीत पावसात बुडबुडे येतात का, हे विक्रेत्यापेक्षा शेजाऱ्याला विचारा. शेवटच्या चेंबरवर उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह आहे का, तेही.

७. गच्ची, घाईघाईने

एकच गोष्ट बघा: वॉटरप्रूफिंगचे थर किती चढलेत. गळलं की जुन्या कोब्यावर नवा ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा, असं तीनदा झालेलं असतं. चार इंच कोबा म्हणजे दर चौरस मीटरला साधारण २०० किलो. घराच्या स्लॅबवर माणसं आणि सामान मिळून धरलेला भारच तेवढा असतो. कठड्याची उंची गुडघ्यापर्यंत आलेली दिसली तर खाली किती थर आहेत, हिशोब करा. भर म्हणून कोणाची खासगी टाकी असेल तर हजार लिटर म्हणजे एक टन.

८. ऑडिट रिपोर्ट वाचायचा कसा

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५३-ब प्रमाणे तीस वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट नोंदणीकृत इंजिनिअरकडून करून घेणं बंधनकारक आहे. आदर्श उपविधी त्याहून कडक: पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी.

निकाल चार वर्गांत येतो. सी-१ म्हणजे राहण्यास धोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून किंवा पाडून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता स्ट्रक्चरल दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. जुन्या मुंबईत सी-२बी अगदी नेहमीचा आहे, त्याने दचकू नका. विचारायचं ते हे की रिपोर्ट आल्यावर काम झालं का. सहा वर्षांपूर्वीचा सी-२बी आणि काम शून्य, तर आज तो सी-२बी राहिलेला नसणार.

आतली पानं चाळा. चाचण्या झाल्यात की नुसते फोटो आहेत? अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटीच्या चाचणीत काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून त्यांचा वेग मोजतात. वेग जितका जास्त तितकं काँक्रीट चांगलं, सेकंदाला तीन किलोमीटरच्या खाली असेल तर काळजीचं. कार्बोनेशनच्या चाचणीत काँक्रीटवर रसायन टाकतात. गुलाबी झालं तर सळईचं संरक्षण शाबूत, रंग आला नाही तर ते संपलं. किती कॉलम तपासले आणि त्यांत तळमजल्याचे किती, तेही मोजा. सगळ्या चाचण्या वरच्या मजल्यांवर आणि खाली दुकानदारांनी आत घेतलं नाही म्हणून काही नाही, असे रिपोर्ट असतात.

सापळा: एकाच इमारतीचे दोन रिपोर्ट. मालकाच्या इंजिनिअरला इमारत सी-१ दिसते, भाडेकरूंच्या इंजिनिअरला सी-२बी. असं झालं की प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. तो निर्णय येईपर्यंत तिथे पैसे गुंतवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

९. आता वर चला

गोटी जमिनीवर ठेवा. थोडी घरंगळली तर ठीक, जुनी लादी कधीच पाणसळीत नसते. पण प्रत्येक खोलीत एकाच दिशेला पळाली तर इंजिनिअरला सांगा. संडास-बाथरूमचं छत बघा आणि खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचंही छत बघू द्या म्हणावं. तुमच्या बाथरूमची गळती त्यांच्या डोक्यावर पडत असेल तर घराबरोबर ते भांडणही तुम्ही विकत घेताय. पीओपीचं खोटं छत असेल तर एखादा दिवा काढून टॉर्चने वर बघा. उघड्या सळया झाकायला तो सोपा उपाय आहे.

नूतनीकरणाची स्वप्नं इथे जरा आवरा. लोड-बेअरिंग इमारतीत दोन खोल्यांमधली भिंत पाडून हॉल मोठा करणं हा विषयच नाही. किचन आणि बाथरूमच्या जागा बदलल्या तर खालच्याच्या देवघरावर तुमचा संडास येतो. जुन्या लादीवर नवी लादी चढवली की वजन वाढतं, म्हणून जुनी काढूनच नवी बसवा. रंग, लादी, वायरिंग सोसायटीला कळवून करता येतं. भिंतीला हात लावायचा तर इंजिनिअर आणि महापालिका दोन्ही.

१०. घर घेतलंत, आता पहिला पावसाळा

मे महिन्यातच चेंबरं आणि घरगल्ली साफ झाली का, टाकीची झाकणं बसली का, हे कमिटीला विचारा. नवीन आहात म्हणून गप्प बसू नका, नव्या माणसालाच या गोष्टी दिसतात. इमारत उपकरप्राप्त असेल तर म्हाडा पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी काढतं, ती बघा. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा आधीच जाहीर होतात, त्या वॉचमनच्या खोलीत चिकटवून ठेवा.

पाणी आवारात शिरू लागलं की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची, म्हणजे ती पाणी भरलेल्या खड्ड्यात उतरत नाही. पंपाचा मेन स्विच बंद, पण पाण्यात उभं राहून नाही. वीज मीटरपर्यंत पाणी चढत असेल तर वीज कंपनीला कळवून पुरवठा तोडायला सांगा आणि जिन्याखाली कोणाला जाऊ देऊ नका. रात्रीत एखादी नवी चीर दिसली, दरवाजा अचानक लागेनासा झाला, किंवा छतातून माती गळू लागली, तर सकाळची वाट बघायची नाही. सगळ्यांना उठवा, बाहेर पडा आणि १९१६ वर महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाला फोन करा.

पाणी ओसरल्यावर टाकीत बाहेरचं पाणी गेल्याची नुसती शंका आली तरी दोन्ही टाक्या रिकाम्या करून, धुऊन, क्लोरिन टाकून पुन्हा भरा. तोवर टँकर मागवा आणि प्यायचं पाणी उकळा. पंपाची मोटर वाळवून इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय सुरू करू नका, शेजारचे काका कितीही म्हणाले तरी.